पिट्टे, किंगरी आणि मेंदूचं दुकान

तर झालं असं, की मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकांसाठी एक प्रेझेंटेशन होतं. विषय 'मेंदूवर आधारित शिक्षण'. शनिवार सकाळ, एसी हॉल, फुकट कॉफी, म्हणून आम्ही दोघंही गेलो. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी पहिल्याच स्लाइडवर मेंदूचे दोन भाग दाखवले. डावा निळा, उजवा केशरी. डावा गणिताचा, उजवा कलेचा. तुमचं मूल डाव्या मेंदूचं की उजव्या, हे वेळेत कळलं नाही तर आयुष्याचं नुकसान. आणि ते कळायचं कसं? तर मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन. बाहेर टेबलावर मशीन ठेवलंच होतं, आजच्या दिवस सवलत होती.

माझ्या शेजारचे बाबा (बहुतेक माझ्याच धंद्यातले, लॅपटॉपची सॅक पायाशी) म्हणाले, "बोटाच्या ठशावरून ऑफिसचं दार उघडतं, हे माहीत होतं. गणित पण उघडतं?" आम्ही हसलो. पण रांगही लागली होती, हेही सांगायला हवं. मुलांच्या बाबतीत आपण सगळेच थोडे घाबरलेले असतो.

घरी येऊन सवयीप्रमाणे गुगलबाबाला शरण गेलो. हे मेंदू आणि शाळेचं लग्न नेमकं कधी लागलं, कोणी लावलं, आणि त्यातलं खरं किती? दोन-तीन वीकएंड गेले त्यात. आणि गंमत म्हणजे वाचता वाचता मी पुन्हा पुन्हा पोचत होतो ते माझ्या लहानपणच्या एका छोट्या स्टेशनवर... दरेकसाला.

*

दरेकसा म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातलं गाव. मुंबई-हावडा लाइनवर, गोंदियाहून छत्तीसगडकडे निघालात की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. त्याच्या पुढे डोंगर, बोगदा आणि राज्याची हद्द. जवळच हाजरा फॉल. एक्स्प्रेस गाड्यांतली बहुतेक मंडळी इथून झोपेत जातात. वर्तमानपत्रात हे नाव वर्षानुवर्षं 'दलम' या शब्दाला चिकटूनच यायचं, त्यामुळे ज्यांना ते माहीत आहे त्यांना चुकीच्या कारणासाठी माहीत आहे.

माझे बाबा रेल्वेत होते. याच लाइनवरच्या एका क्वार्टरमध्ये माझी पहिली काही वर्षं गेली. त्या पॅसेंजरच्या एका डब्यात झाडीबोली, पोवारी, छत्तीसगडी, हिंदी आणि गोंडी अशा पाच भाषा सहज ऐकू यायच्या. बाजाराचा दिवस असला की कोंबड्यांची सहावी.

दरेकसाहून थोड्या अंतरावर, धनेगावच्या वरच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाजाचे लोक येतात. यात्रेत सांगतात ती कथा थोडक्यात अशी: कली कंकालीची तेहतीस मुलं फार दंगेखोर, कोणाला आवरेनात. म्हणून शंभू शेकने त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. आई बाहेर रडते आहे, मुलं आत अंधारात. मग पारी कुपार लिंगो आले. त्यांच्याबरोबर होता हिरासुका पाटालीर हा वादक, हातात किंगरी. त्याने किंगरी वाजवली, आतल्या मुलांनी ते सूर ऐकले, त्यांच्या अंगात बळ आलं. आतून मुलं आणि बाहेरून पाटालीर असा जोर लागला आणि शिळा हलली. मुलं सुटली, पण पाटालीर त्याच शिळेखाली चिरडला गेला. पुढे लिंगोंनी या मुलांना शिष्य केलं, शिकवलं, आणि गोटूलची रीत घालून दिली असं मानतात.

या कथेची एक वेगळी आवृत्ती दीडशे वर्षांपूर्वीच छापली गेली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनी लिंगोचं गाणं उतरवून घेतलं होतं. १८६३ मध्ये ते बुडून वारले. त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केले. त्यातही गोंड गुहेत कोंडलेले आहेत, तोंडावर शिळा आहे आणि सोडवणारा लिंगोच आहे.

आता लगेच कोणी म्हणू नका, की 'बघा, आपल्या पूर्वजांना मेंदूविज्ञान माहीत होतं'. असलं काही मी म्हणणार नाही. कथा ही कथा असते. पण दंगेखोर म्हणून कोंडलेली मुलं आणि त्यांच्या ओळखीच्या सुरांनी उघडलेलं दार, हे चित्र डोक्यातून जात नाही हे मात्र खरं. का, ते पुढे येईलच.

*

आधी इतिहास.

शाळेत मेंदूचं शास्त्र आणलं ते मुळात डॉक्टर मंडळींनी. मारिया माँटेसरी १८९६ मध्ये रोमला डॉक्टर झाल्या. 'मंदबुद्धी' ठरवलेल्या मुलांवर काम करता करता त्यांच्या लक्षात आलं, की या मुलांची अडचण औषधापेक्षा शिकवण्याशी जास्त संबंधित आहे. १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर सुरू केलं. मूल हाताने शिकतं, हलत शिकतं, एका वेळी एकच अवघड गोष्ट घेतं. हे त्यांनी नुसतं बघून लिहून ठेवलं. मेंदूचे फोटो काढणारं यंत्र यायला अजून बरीच वर्षं होती.

आपल्याकडे हा धागा पकडला ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, आणि मग १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. सोबत अनुताई वाघ. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे प्रश्न वेगळा होता. वारली मुलं शाळेत येतच नव्हती, कारण ती गुरं चारायला जायची. सरकारी खात्यातल्या कोणीही यावर 'पालकांत जागृती नाही' असा शेरा मारून फाइल बंद केली असती. या दोघींनी काय केलं? शाळाच कुरणावर नेली! तिला नावही दिलं, कुरणशाळा. माँटेसरीची महागडी इटालियन साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांच्या जागी बिया, शंख, पानं, दगड आले. मुलाला जे आधीच माहीत आहे तिथून सुरुवात.

आता यंत्राकडे येऊ. १९९० च्या आसपास एफएमआरआय आलं. जिवंत माणूस विचार करत असताना मेंदूत कुठे रक्त जास्त धावतं, ते दिसू लागलं. अमेरिकेने १९९० ते १९९९ हे 'मेंदूचं दशक' म्हणून जाहीर केलं. आणि मग जे कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाचं होतं तेच झालं (डॉटकॉम आठवा). शोध चालले पायी आणि जाहिरात विमानाने.

एकच नमुना सांगतो. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा लेख आला. कॉलेजच्या ३६ मुलांना मोझार्ट ऐकवला, त्यानंतर आकृत्यांच्या चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. लेखात बाळांचा उल्लेखसुद्धा नव्हता. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायची योजना काढली! आपल्याकडेही गरोदर बायकांना मोझार्ट ऐकवणारे वर्ग निघालेच की.

डाव्या-उजव्या मेंदूचंही तसंच. रॉजर स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं ते खऱ्या कामासाठी. ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेने कापला होता, अशा थोड्या रुग्णांवरचं ते काम होतं. त्यावरून 'माणसं डाव्या किंवा उजव्या मेंदूची असतात' हे निघत नाही. २०१३ मध्ये हजारावर मेंदूंची चित्रं तपासली गेली, तेव्हा असे दोन प्रकार सापडले नाहीत. आणि बोटांचे ठसे? त्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१९ मध्येच सांगितलंय. रांग तरीही आहे.

जॉन ब्रूअर नावाच्या अभ्यासकाने १९९७ मध्येच इशारा दिला होता. मेंदूच्या चित्रावरून थेट वर्गात उडी मारू नका, तो पूल फार लांबचा आहे. मध्ये मानसशास्त्राचा खांब लागतो. मेंदूपासून मानसशास्त्रापर्यंत एक पूल, तिथून वर्गापर्यंत दुसरा. मला हे एकदम पटलं. सर्किट डायग्राम बघून कोणी वेबसाइट डिझाइन करत नाही.

*

मग टिकलं काय? फार नाही, पण जे आहे ते दणकट आहे.

एक, हातातली स्मृती, म्हणजे आत्ता या क्षणी डोक्यात धरून ठेवलेलं, फारच तोकडी असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलरने 'सात, दोन इकडे तिकडे' म्हटलं होतं. नेल्सन कोवानने २००१ मध्ये तो आकडा चारपर्यंत खाली आणला. चार! आणि ही मोठ्यांची गोष्ट, सहा वर्षांच्या मुलाची त्याहून कमी.

दोन, परत परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून बघितलं तर जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून बघणारे. आणि हा सराव दिवसांच्या अंतराने केला तर आणखी बरं. ही दुसरी गोष्ट एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवली होती.

तीन, आणि हे माझं आवडतं. वाचन हे मेंदूत जन्मतः नसतं. बोलणं लाखभर वर्षं तरी जुनं असावं, लिपी अवघी पाच हजार वर्षांची. त्यामुळे मेंदू जुन्याच जागा वापरून वाचायला शिकतो. डोळ्यांना दिसणारं चिन्ह, कानांना आधीपासून माहीत असलेल्या आवाजाशी आणि डोक्यात असलेल्या शब्दाशी जोडतो. लखनौजवळच्या खेड्यांत कधीच शाळेत न गेलेल्या मोठ्या माणसांना (बहुतेक बायका) सहा महिने देवनागरी शिकवली. २०१७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की मेंदूच्या वरच्या थरातच नाही, तर थेट खोलवरच्या भागांतल्या संवादातही बदल झाले. तिशीत! 'आता काय शिकणार या वयात' म्हणणाऱ्या समस्तांसाठी ही बातमी.

आणि त्या टायवाल्या गृहस्थांसाठी खास: मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात देवनागरी वाचणाऱ्यांचे मेंदू तपासले गेले. आपल्या काना-मात्रा अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे कुठेही बसतात, त्यामुळे नेहमीच्या डाव्या बाजूबरोबर उजव्या बाजूचे भागही कामाला लागतात. म्हणजे 'कि' वाचणारं प्रत्येक पोर दोन्ही मेंदूंचं. घ्या ठसे.

पण त्या तिसऱ्या मुद्द्यातली एक अट नीट बघा. चिन्ह जोडायचं ते डोक्यात *आधीच असलेल्या* शब्दाशी. आणि तो शब्द नसेलच तर?

*

पहिलीत माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. डोंगराकडच्या गावातून यायचा, घरी गोंडी. गुरुजींनी एकदा तक्त्यावरच्या चित्रावर छडी ठेवली आणि त्याला विचारलं, हे काय? तो उभा राहिला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "पिट्टे."

अख्खा वर्ग हसला. 'पिट्टा पाडणे' आम्हाला माहीत होतं ना. गुरुजीही हसले, वाईट नव्हते ते, पण हसले. मीही हसलो. बहुधा सगळ्यात जोरात, कारण मी शेजारी होतो.

गोंडीत पिट्टे म्हणजे पक्षी. उत्तर बरोबर होतं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत तो वर्गात बोलल्याचं मला आठवत नाही. बाहेर मात्र तो पक्ष्याचा आवाज ऐकून पक्षी सांगायचा आणि मालगाडीचं इंजिन दिसायच्या आधी तिला किती इंजिनं लागलीत ते सांगायचा. वर्गात तो 'ढ' होता. चौथीनंतर आला नाही. बाबांची बदली झाली, आम्हीही गेलो.

आता मला कळतं की काय चाललं असेल. डोक्यात जागा तीन-चार. त्यातल्या दोन तर 'गुरुजी काय म्हणाले' याचं भाषांतर करण्यातच गेल्या. उरलेल्या दोनात वजाबाकी करायची. त्यात हसू होण्याची भीती, तीही जागा खातेच. आमच्या भाषेत सांगायचं तर मशीनची सगळी रॅम ड्रायव्हर शोधण्यात जातेय आणि आपण म्हणतोय प्रोसेसर खराब आहे. (मेंदू म्हणजे काँप्युटर नव्हे, माहितीये. पण मुद्दा पोचला असेल.)

पूर्वी विद्वानही मानायचे, की दोन भाषा असल्या की मूल गोंधळतं, मागे पडतं. १९६२ मध्ये पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलच्या दहा वर्षांच्या मुलांची नीट तुलना केली. दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलं मागे तर नव्हतीच, अनेक चाचण्यांत पुढे होती. म्हणजे दुसरी भाषा हा बोजा नाही. पहिली बाहेर ठेवून दुसरीत शिरायला लावणं, हा बोजा आहे.

*

गोंडीला लिपी नाही, पुस्तकं नाहीत, मग शिकवणार कसं, असं हमखास विचारतात. २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये या भाषेसाठी लिपी तयार केली. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) रिझर्व्ह बँकेची नोकरी सांभाळून आयुष्यभर गोंडी भाषा आणि कोया पुनेमवर लिहीत राहिले. कचारगडच्या यात्रेला आजचं रूप देणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. (आणि आपण 'जॉबमुळे वेळच मिळत नाही' म्हणतो. असो.) २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी बोलणारे एकत्र बसले आणि २०१८ मध्ये सुमारे ३००० शब्दांचा प्रमाण कोश तयार झाला. मसराम यांची लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, तेलंगणातल्या गुंजाळा गावात सापडलेली दुसरी गोंडी लिपी २०१८ मध्ये. म्हणजे आपल्या फोनला गोंडी अक्षरांचे नंबर ठाऊक आहेत. पहिलीच्या वर्गाला मात्र नाहीत.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचं कलम ३५०-अ, १९५६ पासून: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा: शक्य तिथे माध्यम मातृभाषा. २०२० चं शैक्षणिक धोरण: शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा. कागदावर सगळं एकदम मेंदूवर आधारित आहे!

आणि जमिनीवर? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली, पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने तिला नोटीस बजावली, परवानगी नाही म्हणून. शिक्षण हक्क कायद्याखालीच! नियम सगळ्यांना सारखे हवेत, हे मला मान्य आहे. शाळा म्हटली की नोंदणी, तपासणी हवीच. पण ज्या कायद्यात मातृभाषा लिहिलीय, त्याच कायद्याचा कागद मातृभाषेतल्या शाळेच्या दारावर पोचतो, तेव्हा काहीतरी उलटं बसलंय एवढं नक्की.

*

एवढं वाचून माझं जे मत झालं ते सांगतो, पटलं तर बघा. मेंदू आणि शाळेच्या शंभरेक वर्षांच्या या इतिहासात जे विकता येतं ते पसरलं: सीडी, ठसे, निळा-केशरी मेंदू. आणि जे पक्कं ठरलं, पण ज्याला मशीन लागत नाही, ते कुरणावरच राहिलं. मुलाला माहीत असलेल्या शब्दापासून सुरू करा, यात विकण्यासारखं काय आहे?

'हे आदिवासी भागातलं झालं, आपलं काय' असं वाटत असेल, तर जरा थांबा. माझी मुलगी घरी मराठी बोलते आणि ज्युनिअर केजीपासून इंग्रजीत शिकते. परवा वर्गात मॅमनी चित्र दाखवून विचारलं, तेव्हा ती 'चिमणी' म्हणाली म्हणे आणि एक-दोघं हसले. तिच्याकडे पुस्तकं आहेत, इंग्रजी बोलणारे आईबाप आहेत, ती तरून जाईल. माझ्या शेजारी बसणाऱ्याकडे यातलं काही नव्हतं. फरक तेवढाच, मेंदू तसाच.

पुढच्या पालकसभेला मी ठशांबद्दल भांडणार नाहीये, ते मशीन आता दुसऱ्या शाळेत गेलं असेल. मी एवढंच विचारणार आहे, की मूल घरच्या भाषेत बरोबर उत्तर देतं तेव्हा बाई काय म्हणतात?

आणि येत्या माघ पौर्णिमेला दरेकसाला उतरायचा विचार आहे. त्या गर्दीत तो भेटेल असं काही नाही, भेटला तरी ओळखेन कसा. पण भेटलाच, तर चाळीशीला आलेल्या त्या माणसाला एक शब्द म्हणून दाखवायचाय. या वेळी न हसता.